गोडी माती, खारी माती

४ मार्च

चि. बारकूस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे ठीक आहोत. तू, धाकटी आणि पोर तिकडे खुशाल असाल, असं धरून चालतो.

तुझं पत्र आलं तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता, आणि आता दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. इतके दिवस उत्तर का नाही म्हणून रागावू नकोस. लिहायला बसलो की चष्मा सापडत नाही, चष्मा सापडला की तुझी वहिनी कुठेतरी पिटाळते. वर तीच म्हणते, "भावाला चार ओळी लिहायला मुहूर्त लागतो का तुम्हाला?" तिच्या तोंडाला कोण लागणार!

पत्रात तुझं नेहमीचंच. काकूंना माझा नमस्कार सांग, त्यांचा राग गेला का ते विचार. अरे, किती वर्षं तेच तेच लिहिशील? सांगतो मी. त्या ऐकून घेतात, बोलत काही नाहीत. धाकटीची आई, सासू तुझी, तिचा स्वभाव मी तुला काय सांगायचा. सध्या त्या जरा पडून असतात. पायांना सूज आहे, डॉक्टर येऊन बघून जातो. वय झालं की असं चालायचंच. धाकटीला उगीच घाबरवू नकोस.

बरं, एक गंमत ऐक. गेल्या महिन्यापासून इथे एक बाई आली आहे. तिशीची असेल. गळ्यात कॅमेरा, कमरेला टेप, केसांत खोचलेली पेन्सिल. जुनी घरं कशी बांधली, कशाने बांधली, हे मोजून कागदावर उतरवायचं, असं तिचं काम. लोकांनी तिला मोजणीबाई करून टाकलं. पहिल्याच दिवशी ती लोहाराच्या माळ्यावर चढली आणि वरून ओरडली, "अहो, इथल्या तुळईला एकही खिळा नाही!" लोहार खालून म्हणतो, "आमच्या आजोबांचा सुताराशी अबोला होता बाई, दिले नसतील." ती तेसुद्धा लिहून घेत होती, बिचारी.

तर ही बाई काकूंकडे, म्हणजे आपल्या सुतारकाकांच्या घरात शिरली आणि तिथेच अडकली. सहा पिढ्यांचं घर. दगडाचं जोतं, त्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, मधल्या भिंती दोन हात जाडीच्या मातीच्या आणि वरचं सपाट धाबंही मातीचं. तिला हवं ते सगळं एकाच छपराखाली मिळालं. हे कसं करतात ते कोण सांगेल म्हणून विचारत फिरली, तर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, बाई, मातीचं काम सोडून मला अकरा वर्षं झाली, आता विटा आणि सिमेंट. हल्ली मातीला कोण विचारतं? पण ती कसली ऐकते!

मग सांगितलं. तुला पाठ आहे, तरी लिहितो, कारण सांगताना बाबाच बोलताहेत असं वाटत होतं. भिंतीला माती गोडी लागते. ती चाळायची, भुसा घालायचा, पाणी सोडायचं आणि तुडवायची. मग ढीग झाकून मुरत ठेवायचा, रोज उघडून पुन्हा तुडवायचा, असे सात दिवस. मग हातभर उंचीचा थर घालायचा, तो वाळला की दुसरा. धाब्याला मात्र सगळ्यात वरून खारी माती. खारीवर गवत उगवत नाही, आणि पाऊस पडला की ती आवळून बसते, पाणी खाली सोडत नाही. गोडी भिंतीला, खारी डोक्यावर, उलट कधी करायचं नाही.

बाईने विचारलं, "चाळल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात की! ओळखायच्या कशा?" म्हटलं, जिभेने. आमच्या घरात थोरला चाखतो आणि धाकटा तुडवतो. तिला एवढी मजा वाटली की करून दाखवा म्हणून हट्ट धरला. मी बोटावर माती घेतली, जिभेला लावली, जाणत्यासारखी मान हलवली. तिने फोटो काढला.

आपण बांधलेली मागची बाजू अजून तशीच पडून आहे. ढिगाऱ्यावर झुडपं माजली आहेत. बाईने तिथूनही माती घेतली, भिंतीची वेगळी, धाब्याची वेगळी, छोट्या पिशव्यांत भरून वर चिठ्ठ्या लावल्या. शहरात तपासायला पाठवणार म्हणे. मी म्हटलं, "पडक्या भिंतीची कशाला? उभ्या भिंतीची न्या ना, चांगली देतो काढून." तर म्हणाली, "काका, पडलेलीच जास्त सांगते." शिकलेली माणसं, त्यांच्यापुढे आपण काय बोलणार.

असो. कागद संपत आला. गोदामात पोती उचलतोस, कंबर सांभाळ. वहिनीने विचारलं आहे म्हणून लिहितो, धाकटीचा खोकला गेला का?

तुझा,
दादा


१९ मार्च

चि. बारकूस,

आशीर्वाद. मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही, येण्याइतके दिवसही झाले नाहीत. तरी लिहितो आहे. वहिनी बघून म्हणाली, "आज स्वतःहून? बरं आहे ना?"

बाईचे कागद आले. काल ती ते घेऊन आमच्या अंगणात आली आणि ओट्यावर बसली. आकड्यांचे तक्ते होते, मला त्यातलं काही कळलं नाही. तिने सोपं करून सांगितलं. पडलेल्या भिंतीच्या मातीत मीठ आहे, भरपूर. आणि धाब्याच्या मातीत नाही. मला म्हणाली, "काका, तुम्ही तर सांगितलं होतं की उलट कधी करायचं नाही. मग इथे उलट कसं?"

मी पाणी प्यायलो. मग म्हणालो, गाडीवानाची चूक असेल. तसं झालंही होतं, तुला आठवत असेल. आपण दोघं जुन्या भिंतीचे दगड काढत होतो, आणि त्या दिवशी त्याने गाड्या आपल्याला न विचारता रिकाम्या केल्या. धाब्याची माती परसात भिंतीजवळ टाकली आणि भिंतीची पुढे शिडीपाशी. नेहमी उलट असायचं. गाडीवान वारला त्याला चार वर्षं झाली, तो काही भांडायला येणार नाही. बोलून मोकळा झालो, मला बरंही वाटलं.

बाई लिहीत होती, ती थांबली. म्हणाली, "पण तुम्ही चाखली असेल ना?"

मी म्हटलं, हो.

"मग?"

मग काय सांगणार? म्हटलं, बाई, किती वर्षांपूर्वीची गोष्ट ही, माणूस विसरतो. तिने कागद गोळा केले, चहा न पिता गेली.

बारकू, या कागदांत आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुझी आहे. बाईने त्या भिंतीचं एक ढेकूळ करवतीने कापून मला दाखवलं. आत एक खडा नाही, एक पोकळी नाही, भुसा सगळीकडे सारखा. इतकी एकजीव माती तिने आजवर कुठे बघितली नाही, असं म्हणाली. ती तुझ्या पायांची माती. तुझ्या तुडवण्यात काही खोट नव्हती, हे ध्यानात ठेव. सातव्या दिवशी तू दवाखान्यात गेलास, पोरगी झाली म्हणून, आणि तो एक दिवस ढीग तसाच राहिला. त्याने काहीही बिघडलं नव्हतं.

हे मला कालच कळलं असं मी लिहिणार होतो. तशी ओळ लिहिलीही होती, खोडली आहे, वर दिसेल तुला.

भिंत पडली तो दिवस मला नको असताना आठवतो. बांधल्यावरचा दुसरा पावसाळा. भर दुपार, काका मागच्या खोलीत रंधा मारत बसलेले, पाऊस थांबून ऊन पडलेलं. पायथ्याशी भिंत खचली आणि सगळी आत आली. तू हातांनी माती उपसत होतास, नखं उलटली होती तुझी. काका त्यातच गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच अंगणात चार माणसं जमली तेव्हा लोहाराने मला विचारलं, "मिस्त्री, कशाने पडली?" आणि मी म्हणालो, "माती पुरती मुरली नाही. एक दिवस तुडवण चुकली." तुझ्याकडे न बघता म्हणालो. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू खाली मान घालून म्हणालास, "हो, मी त्या दिवशी नव्हतो."

तू मान्य केलंस, म्हणून ते खरं झालं. काकूंनी तुला आणि धाकटीला उंबरा बंद केला, तुम्ही गाव सोडलं, आणि मी इथेच राहिलो.

आज इतकंच. काकूंचं तितकंसं बरं नाही. सूज पोटावर आली आहे. परवा त्यांनी धाकटीची चौकशी केली, कुठे असते, कशी असते, सहज विचारावं तसं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तुम्ही लगेच धावत निघू नका. उन्हाचे दिवस आहेत, पोरीची शाळा असेल. मी कळवतो तुला.

दादा


३० मार्च

बारकू,

तार मिळाली असेल. "काकू गेल्या, निघून या," एवढंच लिहिलं तिच्यात. उद्या दुपारच्या बसने तुम्ही याल, असं मी धरून चालतो. हे पत्र टपालात टाकत नाही. तुझी वहिनी ते घेऊन थांब्यावर उभी राहील. घराकडे यायच्या आधी वाच. झाडाखाली बाक आहे, तिथे धाकटीला आणि पोरीला बसव आणि वाच. मग काय करायचं ते ठरव.

मला चव लागत नव्हती.

काकांची मागची बाजू बांधायला घेण्याआधी मला मोठा ताप आला होता, वीस दिवस. तू रोज डोक्यावर पट्ट्या ठेवायचास. ताप उतरला आणि जिभेवरून सगळं गेलं. साखर आणि खडू सारखाच. वहिनी एकदा भाजीत मीठ घालायला विसरली आणि मी दोनदा मागून घेतली. ती सगळ्यांना सांगत सुटली की आजारपणाने नवरा सुधारला! मीही हसलो. तुला सांगायला हवं होतं, निदान तुला. पण बाबांनी जाताना मिस्त्रीपण माझ्या हाती दिलं होतं, आणि आपल्याकडे मिस्त्री म्हणजे जो चाखतो तो. लहानपणी तुझी जीभ माझ्याहून तेज होती. डोळे झाकून तू सांगायचास, ही तळ्याकाठची, ही बांधावरची. बाबा हसायचे आणि तरी मलाच चाखायला लावायचे, कारण थोरला मी. आता मी चाखू शकत नाही म्हटलं असतं तर तू मिस्त्री झाला असतास आणि मी तुझ्या हाताखाली. मला ते सोसलं नसतं. एवढीच गोष्ट आहे. याच्यापेक्षा मोठं कारण मी किती दिवस शोधतो आहे, सापडत नाही.

मला वाटलं, येईल चव परत. आणि तोपर्यंत ढीग कुठे पडलाय त्यावरून ओळखायचं, परसातला भिंतीचा, पुढचा धाब्याचा. दोन घरं तशी निभावलीही. तिसऱ्याला गाडीवानाने घोळ केला.

त्या सकाळी काका, तू, मी परसात. मी सगळ्यांसमोर चिमूट घेतली, जिभेला लावली. जिभेवर नुसती कचकच. मान हलवली. तू वाकून माती चोळून बघितलीस आणि म्हणालास, "दादा, जरा पांढरट वाटते. मी चाखू का?" तुझ्या सासऱ्यासमोर मी तुला म्हणालो, "तू पाय धू आणि ढिगात उतर. चाखणारा मेला नाही अजून." तू लाल झालास आणि उतरलास. सहा दिवस तू ते मीठ पायांनी तुडवलंस. संध्याकाळी तुझ्या टाचांच्या भेगांची आग व्हायची. वहिनी तेल द्यायची आणि मी म्हणायचो, नाजूक झालाय लेकाचा.

आणि हे संपलं असं समजू नकोस. पहिल्या पावसात धाब्यावर गवत आलं, हिरवंगार, बोटभर. मी खालून बघितलं. खारीवर गवत येत नाही, म्हणजे वर खारी नाही, म्हणजे खारी भिंतीत आहे. मला त्याच क्षणी सगळं कळलं, बारकू. गळती बघतो असं सांगून मी वर चढलो आणि हातांनी सगळं गवत उपटलं. काका खालून म्हणाले, "कशाला त्रास घेतोस, दिसायला किती छान दिसतंय!" मी म्हटलं, पाखरांनी बी टाकलंय. पाऊस संपल्यावर भिंतीच्या पायथ्याला पांढरा लोणा धरला. मिठाची भिंत, दुसरं काय होणार? पोपडे सुटायला लागले. मी एकटाच गेलो, झाडूने लोणा झाडला आणि वरून चुन्याचा हात दिला. काकूंनी मला बसवून जेवू घातलं. म्हणाल्या, "जावयाच्या भावाने एवढं करावं!" वर्षभर वेळ होता माझ्याकडे. काकांना एवढंच सांगायचं होतं की मागच्या खोलीत बसू नका. तेही सांगितलं नाही, कारण त्यांनी का म्हणून विचारलं असतं.

तुझे नमस्कार मी काकूंना कधीच पोचवले नाहीत. एकदाही नाही. अकरा वर्षं तुला लिहितो आहे की त्या ऐकून घेतात.

गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. बाई आधी जाऊन सांगेल अशी भीती होती, खोटं कशाला बोलू. काकू पुढच्या खोलीत पलंगावर होत्या, शुद्धीवर होत्या, आवाज बारीक झाला होता. मी खाली बसलो आणि ताप आला तिथपासून सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही मध्ये टोकलं नाही. संपल्यावर विचारलं, "तुला चव नव्हती, हे बारकूला माहीत होतं?"

"नाही."

"तो म्हणाला होता तुला, मी चाखू का. मी तिथे होते. पाणी घेऊन आले होते तुमच्यासाठी."

मी म्हटलं, हो.

"तू त्याला तोडून बोललास. मला वाटलं, थोरला आहे, बोलतो." मग त्यांनी वर तुळयांकडे बघितलं. म्हणाल्या, "मी तिला दारातून घालवलं रे. कडेवर पोर होती तिच्या. म्हणाली, आई, पाणी तरी दे पोरीला. मी दार लावलं."

मी उठलो. म्हटलं, आत्ता तार करतो, परवा येतील ती. काकूंनी माझं मनगट धरलं. एवढी ताकद कुठून आली त्यांना, कोण जाणे. "नको. बोलावू नकोस. कुठल्या तोंडाने बघू मी तिच्याकडे? माझी शपथ आहे तुला."

मी शपथ पाळली. चांगला माणूस म्हणून पाळली असं समजू नकोस. तुम्ही आलात तर मला तुझ्यासमोर उभं राहावं लागेल, आणि आणखी चार दिवस टळले तर टळू देत, एवढंच माझ्या मनात होतं. शपथेचं निमित्त मला पुरलं. डॉक्टर म्हणत होता पंधरा दिवस, तीन आठवडे. मी त्यावर विसंबलो. काकू आज पहाटे गेल्या. तुम्ही शनिवारी इथे असू शकला असता. धाकटीला आई जिवंत भेटली असती, आणि ती भेटली नाही ती माझ्यामुळे. काकांनंतर हा माझा दुसरा गुन्हा.

आज सकाळी सगळे अंगणात जमले होते तेव्हा मी सांगितलं. तेच अंगण, बरीचशी तीच माणसं. मी उभं राहून म्हणालो की भिंत माझ्या जिभेने पाडली, बारकूचा यात केसाइतका दोष नाही, त्या दिवशी मी खोटं बोललो आणि त्याच्यावर खापर फोडलं. लोहार म्हणाला, "काकूंना ठाऊक होतं?" मी म्हटलं, गुरुवारपासून. तो थुंकला आणि आत गेला. कुणी म्हणालं, आता कशाला उकरून काढतोस. मोजणीबाई खांबापाशी उभी होती, तिने वही मिटली. तुझ्या वहिनीला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. तिने मला ताट वाढलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. अजून बोललेली नाही. हे पत्र मात्र मीच देणार तुमच्या हातात, एवढं म्हणाली.

तेव्हा उद्या गल्लीतून येताना मान खाली घालू नकोस. तुझ्याकडे कुणी तसं बघणार नाही. बघायचं असेल त्यांना मी आहे.

धाकटीला काय सांगायचं, यावर मी दुपारभर अडलो. आईने तुला शेवटी हाका मारल्या, असं लिहिलं तर तिला बरं वाटेल. लिहायला हात अडखळतही नाही, खोटं लिहायचा मला चांगला सराव आहे. पण ते खरं नाही. त्यांनी बोलावू नको म्हणून शपथ घातली, ती रागाने नाही, लाजेने. राग गुरुवारीच गेला. हे तिला नीट सांग, जसं आहे तसं. तिला या घरात कुणीतरी खरं सांगायला हवं.

आणि एक. काल सकाळी मी जवळ बसलो होतो. काकूंना झापड होती. मध्येच डोळे उघडून त्यांनी विचारलं, "पोर कुणावर गेली रे?"

मला सांगता आलं नाही. बारा वर्षांची झाली असेल. ती धाकटीवर गेली की तुझ्यावर, उंच आहे की ठेंगणी, काहीच नाही. तुझी इतकी पत्रं आली, मी एकदाही तिच्याबद्दल विचारलं नाही. ती जन्मली तोच दिवस तुझा गुन्हा ठरवला होता ना मी, विचारणार कसा? मी म्हणालो, "माहीत नाही, काकू." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुलाही नाही?" आणि डोळे मिटले. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

त्यांना पुढच्या खोलीतच ठेवलं आहे. बर्फ आणला आहे, तुम्ही येईपर्यंत कुणी हलवणार नाही, तसं मी सगळ्यांना बजावलं आहे. मी दारात नसेन, परसात असेन. तू बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तरी तुझं बरोबर. पण पोरीला बाहेर थांबवू नकोस. सरळ आत ने आणि काकूंच्या समोर उभी कर, तोंडावर उजेड पडेल अशी. त्यांना दिसणार नाही, एवढं मला कळतं. तरी उभी कर.

थोरल्याने धाकट्याला आशीर्वाद लिहायचे असतात. ते लिहायला मी आता कोण? तुला आणि धाकटीला, दोघांना नमस्कार करतो.

तुझा भाऊ